खालच्या अंगाचे पाणी
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



चेन्नईत मध्य कैलासच्या चौकातून जुना महाबलीपुरम रस्ता दक्षिणेला निघतो. पेरुंगुडी, शोलिंगनल्लूर, नावलूर ही नावे मागे पडतात आणि सिरुसेरी येते. एका पिढीपूर्वी इथे भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि तलाव होते. आज इथे सिपकॉट या तमिळनाडूच्या सरकारी औद्योगिक महामंडळाचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. उरुग्वेचे वास्तुकार कार्लोस ओट यांनी फुलपाखराच्या आकारात कल्पिलेला टीसीएसचा 70 एकरांचा परिसर याच उद्यानात आहे. भोवती उंच उंच गृहसंकुले उभी राहिली. पुणे, नाशिक, नागपूरकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी घरे या संकुलांत नांदतात. सकाळी सात ते नऊ या वेळेत तिथे हजारो नळ एकदम सुटतात आणि तेवढेच पाणी मैले होऊन खाली उतरते. आजचा विषय त्या उतरणाऱ्या पाण्याचा आहे.

हे पाणी जाते कुठे? पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्तीतला माणूस म्हणेल, गटारात. इथे उत्तर तेवढे सोपे नाही. या रस्त्यावर इमारती आधी आल्या, शहराची भुयारी गटारे त्यांच्या मागून रखडत येत राहिली. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि मंजुरीबरोबर स्वतःचे सांडपाणी स्वतः शुद्ध करण्याची अट येते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मोठ्या संकुलाच्या तळघरात किंवा मागच्या भिंतीशी एक छोटा प्रकल्प असतो. रहिवासी त्याला ‘एसटीपी’ म्हणतात. बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. वास आला तरच त्याची आठवण निघते.

एक साधा हिशेब मांडावा. हजार घरांचे संकुल, घरात चार माणसे, माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हे सरकारी नियोजनातले नेहमीचे प्रमाण. दिवसाला 5,40,000 लिटर पाणी आत येते. त्यातले 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे 4,32,000 लिटर. एका संकुलाचे, एका दिवसाचे. महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी ही वस्ती एकाच फाटकाच्या आत राहते. तिचे सगळे मैले पाणी सांभाळायला प्रत्येक पाळीला बहुधा एकच माणूस असतो, आणि सोसायटीच्या सभेत त्याचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते.

त्याचे काम समजून घ्यायचे तर 1914 च्या मँचेस्टरला जावे लागते. तिथल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन संशोधकांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यात हवा सोडली. पहिल्यांदा पाणी पुरते निवळायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी भरले. असे करत गेल्यावर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. त्या गाळात कोट्यवधी जिवाणू होते आणि पोसले गेल्यावर ते मैला खाऊन पाणी मोकळे करीत होते. आजही सिरुसेरीच्या तळघरातली पद्धत मुळात हीच आहे. या दोघांना त्या कामाला लावणारे गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. जमशेटजी टाटांनी स्वप्न पाहिलेल्या संस्थेत हे शास्त्र शोधानंतर दोनच वर्षांत येऊन पोचले होते. ते भारतात उशिरा आले, असे म्हणायला जागा नाही.

नवा प्रकल्प सुरू करताना आपल्याकडचे ऑपरेटर टाकीत शेणकाला कालवतात. जिवाणूंचे विरजण लावायचा हा देशी उपाय. त्या जिवाणूंना ते ‘कल्चर’ म्हणतात आणि त्याची काळजी घरातल्या विरजणासारखीच घ्यावी लागते. हवा चोवीस तास, अन्न रोज, तेल-तूप कमीत कमी, फिनाइल आणि ॲसिड तर नकोच. टाकीतले पाणी दाट चहाच्या रंगाचे दिसले आणि ओल्या मातीसारखा वास आला, की कल्चर धड आहे. काळे पडले, सडक्या अंड्यांचा वास सुटला, की हवा बंद पडली होती.

हवा बंद पडते कशी? बरेचदा ती बंद केली जाते. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर हे या प्रकल्पातले सगळ्यात जास्त वीज खाणारे यंत्र. देखभाल खर्चाच्या बैठकीत विजेचे बिल निघाले, की रात्रीचे काही तास ब्लोअर थांबवण्याची सूचना येते. पाणी तर रात्री कमीच येते, मग काय बिघडते, असा तो विचार. बिघडते ते असे, की हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात, त्यांच्या जागी बिनहवेचे जिवाणू वाढतात आणि सकाळचा लोंढा येतो तेव्हा त्याला सामोरे जाणारे टाकीत कोणी उरत नाही. वाचलेल्या विजेचा आकडा बिलावर दिसतो. पहाटे तसेच बाहेर गेलेले पाणी कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहावे. पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या चार कसोट्या आहेत: सामू, बीओडी, तरंगते कण आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. बीओडी म्हणजे पाण्यात उरलेला मैला कुजताना जो प्राणवायू खाईल त्याचे माप. महानगरांसाठी ते लिटरला 20 मिलिग्रॅम आणि इतर ठिकाणी 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये ही ढिलाई नाकारून सगळीकडे 10 चा आग्रह धरला.

हा 20 आकडा आला कुठून? ब्रिटनमध्ये 1898 मध्ये सांडपाण्यावर एक शाही आयोग नेमला गेला. त्याच्या 1912 च्या आठव्या अहवालात बीओडी 20 आणि तरंगते कण 30 ही जोडी पुढे आली आणि जगभर पसरली. तिच्यामागचे गणित शाळेतल्या मुलाला समजेल असे आहे. स्वच्छ नदीच्या पाण्याचा बीओडी 2 धरला आणि 20 बीओडीच्या एका भाग सांडपाण्यात नदीचे आठ भाग मिसळले, तर मिश्रणाचा बीओडी 4 होतो. 4 च्या वर गेला की नदी बिघडते, असे आयोगाचे निरीक्षण होते. म्हणून 20. नदीत पाणी फारच जास्त असेल, पाचशे पटींहून अधिक, तर शुद्धीकरणाची सक्तीही नको, असे त्याच अहवालात होते.

म्हणजे 20 हा आकडा एकटा कधीच नव्हता. त्याच्या पाठीशी आठपट स्वच्छ, वाहत्या पाण्याची नदी उभी होती. भारताने तो उचलला, कसोटीही आपल्या हवेप्रमाणे बदलून घेतली. तिकडे 20 अंश तापमानाला पाच दिवस मोजतात, आपल्याकडे उष्णतेमुळे 27 अंशांना तीन दिवस. बदल शहाणपणाचा होता. पण नदी मात्र कोणी बरोबर आणली नाही.

सिरुसेरीला नदी नाही.

ही गोष्ट नकाशावर नीट पाहायला हवी. चेन्नईत वर्षाला साधारण 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. हे पाणी धरून ठेवायला तमिळ शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. त्यांना ‘एरी’ म्हणतात. एका एरीचा सांडवा भरून वाहिला की पाणी खालच्या एरीत, तिथून त्याच्याही खालच्या, अशी माळ. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. सिरुसेरी ज्यात आहे तो चेंगलपट्टू तर तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. सिरुसेरीचा ढाळ पूर्वेकडे आहे. तलावांतून निसटलेले पाणी बकिंगहॅम कालव्याकडे आणि मुट्टुकाडूच्या खाडीकडे जाते, आणि कोवळमपाशी बंगालच्या उपसागराला मिळते.

पावसाचे तीन महिने सोडले, तर हे पाणी वाहून नेणाऱ्या ओहोळांत वरून येणारे स्वच्छ पाणी जवळजवळ नसते. एप्रिल-मेमध्ये ओढ्यात जे हलते ते बहुतांशी कोणत्या तरी संकुलाच्या नळीतून आलेले असते. आठ भाग तर सोडाच, एक भागही मिसळायला नसतो. नळीतून 20 बीओडीचे पाणी बाहेर पडले, तर ओढाच 20 बीओडीचा होतो. छोटा प्रकल्प इथे ओढ्याचा उगम झालेला असतो, आणि उगमाकडून जी शुद्धता मागायची ती त्याच्याकडून मागायला हवी. या व्याख्यानाला एवढे एकच सांगायचे आहे. पुढचे सगळे त्याचे परिणाम आहेत.

पहिला परिणाम अमोनियाचा. वर धरलेल्या हजार घरांच्या संकुलाचा प्रकल्प बीओडी 20 वर आणतो असे समजू. बाहेर पडणाऱ्या 4,32,000 लिटर पाण्यात दिवसाला साडेआठ किलोहून थोडा जास्त प्राणवायू खाणारा मैला उरतो. पण त्याच पाण्यात लिटरला 30 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन राहिले असेल, आणि अर्धवट चालणाऱ्या प्रकल्पात ते सहज राहते, तर ते दिवसाला 13 किलो होते. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना साडेचार किलोहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे दिवसाला 59 किलोच्या आसपास. बीओडीच्या जवळपास सातपट. 2017 च्या चार कसोट्यांत अमोनिया नाहीच. तीन दिवसांची बीओडी चाचणी त्याला पुरते पकडत नाही. प्रमाणपत्रावर सगळे नियमात, आणि तलावात पहाटे प्राणवायू संपलेला, हे दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकते.

कार्यालयांच्या प्रकल्पांत हे आणखी बिकट होते. घराच्या सांडपाण्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपडे सगळे मिसळलेले असते. कार्यालयात मुख्यतः स्वच्छतागृहे. लघवीतले नायट्रोजन भरपूर, आणि ते काढायला जिवाणूंना जे कार्बनी अन्न लागते ते तुलनेने तोकडे. शिवाय शनिवार-रविवार उपास. 2020 च्या टाळेबंदीत कार्यालये महिनोन्‌महिने ओस पडली, तेव्हा अशा टाक्यांतले कल्चर अन्नावाचून मरण्याचीच वेळ होती.

दुसरा परिणाम क्षारांचा, आणि तो या किनाऱ्याचा खास आहे. जवळच्या केळंबाक्कमला मिठागरे आहेत. जमिनीखालचे पाणी समुद्रालगत मचूळ होत जाते. संकुले बोअरवेल आणि टँकर यांवर जगतात. 2019 च्या जूनमध्ये चेन्नईचे जलाशय कोरडे पडले तेव्हा याच रस्त्यावरच्या कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितले होते, आणि जुलैत जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून गेलेली पाण्याची रेल्वे ज्यांना आठवते त्यांना या बातमीची धग वेगळी सांगायला नको. जिवाणू मैला खातात, मीठ खात नाहीत. मचूळ पाणी प्रकल्पातून मचूळच बाहेर येते. शौचालयांच्या फ्लशसाठी तेच परत वापरले की दर फेरीला क्षार वाढतात. बागेतली झाडे पानांच्या कडा करपवून ते दाखवतात.

आणि मग खालचे अंग, म्हणजे हे पाणी जिथे उतरते ती बाजू. नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते. ती सूर्यप्रकाश झाकते, रात्री स्वतः प्राणवायू ओढते, आणि सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडे करतात. पुण्याच्या खालच्या उजनी जलाशयाकाठचे मच्छीमार हे दृश्य ओळखतात. मुट्टुकाडूच्या खाडीचे तोंड वाळूच्या बांधाने उन्हाळ्यात बंद होते. भरती-ओहोटीचा श्वास थांबतो आणि वरून येणारे सगळे पाणी आत साचत राहते. याच किनाऱ्यावरच्या खाड्यांत इरुळर समाजाची माणसे गुडघाभर, कंबरभर पाण्यात उतरून हाताने चाचपून कोळंबी धरतात. त्यांच्यासाठी पाण्याची प्रत हा अहवालातला आकडा नाही. ते पाणी त्यांच्या कातडीला लागते.

न्याय्य बोलायचे तर खाडीच्या दुःखाचे कारण एकटी सिरुसेरी नाही. उत्तरेकडून पळ्ळीकरणैच्या दलदलीचे पाणी ओक्कियम मडुवू या ओढ्यामार्गे बकिंगहॅम कालव्यात येते.  त्याबरोबर शहराच्या दक्षिण भागाचे मैले पाणीही येते. हा कालवा 1806 मध्ये सुरू झाला आणि 1877-78 च्या दुष्काळात, महाराष्ट्रातही ज्या दुष्काळाने माणसे मेली त्याच काळात, मजुरांना काम देण्यासाठी त्याचे तुकडे जोडले गेले. होड्यांसाठी खणलेल्या त्या पाण्यात आज काय वाहते ते पुलावर थांबले की कळते. अपरात्री टँकर भरून मैला पावसाळी गटारात सोडल्याच्या तक्रारी या रस्त्यावर वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. पण दुसऱ्याचा मैला मोठा आहे म्हणून आपला सोडायचा परवाना मिळत नाही.

त्या खाडीच्या तोंडाशी कोवळमचा किनारा आहे. 2021 मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांचे मानांकन मिळाले. त्या मानांकनात पोहण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरला ई-कोलाय 250 च्या वर चालत नाहीत. वरच्या प्रकल्पाला मात्र 100 मिलिलिटरला 1,000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म सोडायची मुभा आहे. दोन्ही मोजमापे हुबेहूब एक नाहीत, आणि मधला प्रवास, ऊन, खारे पाणी जिवाणू मारतात, हे खरे. तरी काही मैलांच्या अंतरात एकाच पाण्याला दोन सोवळी लावली आहेत, हे नजरेआड करता येत नाही.

खालच्या अंगाचे पाणी कोणाचे, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. गावच्या ओढ्यावर वरचा पाणवठा पिण्याचा, खाली गुरांचा, त्याखाली धुण्याचा, आणि सर्वांत खाली कोण, हे जातीने ठरवलेले होते. 1927 मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते पाण्याचा हा उतार मोडायला. आज सोसायटीच्या नळीला जात नसते, पण तिचा उतार अजून त्याच दिशेने आहे. 2012 मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. वरून आलेले मैले पाणी आणि खालच्यांचे नळ यांतले अंतर किती कमी असते ते तिथे कळले.

या उताराचा सर्वांत खालचा माणूस तर टाकीच्या आतच असतो. गाळ काढायला, पंप अडकला म्हणून, कोणीतरी शिडी लावून उतरतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असताना त्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येत नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांवाचून माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृतांच्या कुटुंबाला 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली. आणि तरीही गृहसंकुलांच्या टाक्यांतून अशा बातम्या येत राहतात; तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोन्हीकडून. ज्या सोसायटीला पोहण्याचा तलाव परवडतो तिला वायुमापक परवडत नाही, हे मान्य करणे कोणाही सभासदाला जड जायला हवे.

चांगले होऊ शकते याची उदाहरणे मात्र घरातच आहेत. 1897 मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात सेप्टिक टाकीतला वायू जमवून दिव्यांसाठी वापरला गेला. समाजाने बाहेर काढलेल्यांची ती छोटी वस्ती होती आणि तिच्या मैल्यातून उजेड झाला. कोकणात कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्यासाठी आयुष्य वेचले. भंगीकाम हलके मानणाऱ्या समाजाला त्यांनी स्वतः हात घालून उत्तर दिले. नागपुरात भांडेवाडीचे दिवसाला 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, तेवढे ताजे पाणी वाचते. चेन्नईनेही 2019 मध्ये कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथे प्रत्येकी साडेचार कोटी लिटरचे प्रकल्प उभारून उद्योगांना पुनर्वापराचे पाणी देणे सुरू केले.

बंगळुरूने 2018 मध्ये आपले शुद्ध केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांत सोडायला सुरुवात केली. सुरुवातीलाच एका तलावात फेस आला, प्रकरण न्यायालयात गेले, पाणी काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. तिथे वाद घालायला खालच्या अंगाचा शेतकरी हजर होता, वरच्या शहराला विचारायची त्याला जागा होती. सिरुसेरीच्या खाली तेवढी जागा कोणालाच नाही.

म्हणून प्रकल्पाचा निकाल नळीच्या तोंडाशी न लावता खालच्या एरीत लावावा. पहाटे साडेपाचला तलावातला विरघळलेला प्राणवायू मोजावा, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. दुपारी मोजला तर शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडून मनाजोगता आकडा देते. महिन्याला अमोनिया मोजावा. तो कागद सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाणीपट्टीच्या शेजारी लावावा. खर्चाच्या बैठकीत ब्लोअरची वेळ कमी करण्याचा ठराव आला, तर त्यासोबत तलावाचा आकडाही वाचला जावा. आणि ऑपरेटरला त्या बैठकीत खुर्ची असावी.

ऑपरेटर वापरतो ती एक कसोटी कुणीही करून पाहावी. टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळ्यात भरायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही. गाळ खाली बसतो, वर पाणी निवळते, आणि मधली रेघ कुठे थांबली ते डोळ्यांनी दिसते. गाळ चटकन बसून वरचे पाणी पिवळसर नितळ राहिले तर रात्री ब्लोअर बहुधा चालू होता. तळाचा गाळ काही वेळाने वर तरंगून येऊ लागला, तर काहीतरी बिनसले आहे. मुले शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात तेवढ्या वेळात हे होते. एखाद्या रविवारी त्यांना हात धरून तळघरात न्यावे आणि नळा दाखवावा. ऑक्टोबरचा पहिला मोठा पाऊस आला की मुट्टुकाडूच्या तोंडाचा वाळूचा बांध फुटतो, आणि उन्हाळाभर साचलेले सगळे पाणी दोन-तीन दिवसांत समुद्रात उतरते. तेव्हा त्यांना कोवळमच्या पुलावरही न्यावे. पाणी कुठल्या रंगाचे आहे ते त्यांना सांगावे लागणार नाही.